जगातली मोठी स्थित्यंतरं आणि आपला बेळगाव-खानापूर-निपाणी भाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यातल्या मराठी शाळांतली मुलं, त्यांचे शिक्षक आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे तरुण जागतिक इतिहासाबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. मुलांची खरी अडचण एकच असते. पुस्तकातला इतिहास मेसोपोटेमियात घडतो, फ्रान्समध्ये घडतो, आपल्याकडे काही घडतच नाही असं त्यांना वाटतं. म्हणून जमेल तिथे उत्तर आपल्या शिवारापर्यंत आणलं आहे.

राजा बदलला, लढाई झाली, म्हणजे मोठा बदल झाला असं समजायचं का?

दर वेळी नाही. बेळगावच्या किल्ल्यावर रट्ट, यादव, विजयनगर, बहमनी, आदिलशाही, मराठे, इंग्रज अशा कितीतरी सत्ता आल्या. नांगर धरणाऱ्याचं आयुष्य त्या प्रत्येक वेळी बदललं असं काही नाही. लोकांचं खाणं, काम, जमिनीवरचा हक्क, देवाशी असलेलं नातं, आजारपण, शिक्षण यांतलं काही कायमचं पालटलं, तर त्याला स्थित्यंतर म्हणावं. ते ओळखायला एक प्रश्न पुरतो: यात कोणाच्या पदरात काय पडलं, आणि किंमत कोणी मोजली? पुढची उत्तरं हा प्रश्न मनात ठेवूनच वाचावीत.

शेतीची सुरुवात नेमकी कुठे झाली? भारतात ती बाहेरून आली का?

शेती एका ठिकाणी सुरू होऊन जगभर पसरली, ही समजूत आता सोडून द्यायला हवी. पश्चिम आशियात गहू आणि जव, चीनमध्ये यांगत्सेच्या खोऱ्यात भात, मेक्सिकोत मका असं वेगवेगळ्या लोकांनी आपापल्या रानातलं गवत माणसाळवलं. यातली सर्वांत जुनी शेती साधारण १० ते ११ हजार वर्षांपूर्वीची आहे.

आपल्या दख्खननेही यात स्वतःची भर घातली. बळ्ळारी-रायचूर भागात राखेचे मोठमोठे ढिगारे आहेत. गुरांच्या गोठ्यात साठलेलं शेण वर्षानुवर्षं जाळून ते तयार झाले. तिथली माणसं चार-पाच हजार वर्षांपूर्वी गुरं पाळत होती आणि हुलगे, मूग आणि भरडधान्यं पिकवत होती. हुलग्याचं माडगं पिणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असायला हवं, कारण दक्षिण भारताच्या शेतीत हुलग्याइतकी जुनी पिकं फार थोडी आहेत.

आता ताटाकडे बघा. ज्वारी आफ्रिकेतली, सुदानच्या बाजूची. खानापूरच्या डोंगरभागातली नाचणीही पूर्व आफ्रिकेच्या उंचवट्यांवरून आलेली. झुणक्यातला हरभरा आजच्या तुर्कस्तानाच्या आग्नेय भागातला. तूर मात्र इथलीच, भारताच्या पूर्व भागातल्या रानातली. ज्वारी-नाचणी इसवी सनाच्या आधीच इथे पोचल्या आणि इतक्या मुरल्या, की भाकरीखेरीज आपल्या गावाची कल्पनाही करवत नाही.

शेतीमुळे माणूस सुखी झाला का?

पोटं वाढली, सुख वाटून आलं नाही. अनेक ठिकाणच्या सुरुवातीच्या शेतकऱ्यांचे सांगाडे त्यांच्या शिकारी पूर्वजांपेक्षा खुजे आहेत, दात जास्त किडलेले आहेत. एकाच धान्यावर पोट भरलं की असं होतं. दुसरं असं की धान्य साठवता येतं, आणि साठा म्हटला की राखणदार आला, मोजणारा आला, वाटा मागणारा आला. राजा, पुरोहित, सैन्य, कर हे सगळं त्या कोठारावर उभं राहिलं.

आपल्याकडे हे खळ्यावर दिसत असे. मळणी झाली की सरकारचा वाटा आणि मग बलुतेदारांची बलुती. सीमेच्या कन्नड गावांत हीच व्यवस्था आयगारांची. सुताराला, लोहाराला वर्षाचं धान्य मिळण्याची खात्री होती हे खरं, पण कोणी कोणतं काम करायचं आणि खळ्यापासून किती लांब उभं राहायचं हेही जन्मानेच ठरत होतं. बलुतेदारीचं कौतुक करताना हा दुसरा भाग गाळू नये.

लेखनाचा शोध इतका महत्त्वाचा का मानतात? आधी माणसं गोष्टी सांगतच होती की.

सांगत होती, आणि पाठांतराच्या बळावर मोठमोठं वाङ्मयही टिकवत होती. लेखन सुरू झालं ते हिशेबासाठी. इराकमधल्या उरुक शहरात सव्वापाच हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्या मिळाल्या. त्यांतल्या बहुतेकांवर जव किती आले, मेंढ्या किती, मजुराला शिधा किती दिला याच्या नोंदी आहेत.

लेखनाने सत्तेचं स्वरूपच बदललं. तोंडी शब्दाला गावात मान होता, पण दूरच्या कचेरीत कागदच चालू लागला. याचा फटका आपल्या भागाने फार जवळून सोसला आहे. १८१८ साली पेशवाई संपली आणि इंग्रजांनी बेळगाव घेतलं. १८२४ मध्ये कित्तूरचं दत्तकविधान त्यांनी मान्य केलं नाही, त्यातून राणी चन्नम्मांचा लढा उभा राहिला. पुढे संगोळ्ळी रायण्णांना १८३१ मध्ये आपल्या खानापूर तालुक्यातल्या नंदगडला फाशी दिली. मग १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला जोर आला. पिढ्यान्‌पिढ्या इनाम जमीन खाणाऱ्यांना सांगितलं गेलं, की सनद दाखवा. ज्यांच्या सनदा वाळवीने खाल्ल्या, लुटीत गेल्या किंवा मुळात कधी लिहिल्याच नव्हत्या, त्यांची इनामं गेली. नरगुंदचे संस्थानिक भास्करराव भावे १८५८ मध्ये उठले, त्यामागे नामंजूर दत्तकाबरोबर हाही असंतोष होता. त्यांना फाशी दिली ती बेळगावात.

ज्याच्याजवळ कागद त्याची जमीन, हे आजही संपलेलं नाही. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. तरी गावातल्या उताऱ्यांवर मुलींची नावं किती आहेत, ते ज्याने त्याने आपल्या घरच्या उताऱ्यावर पाहावं.

मराठीतला जुना शिलालेख कर्नाटकात आहे, हे खरं का?

खरं. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेली चावुंडरायाची मराठी ओळ दहाव्या शतकाच्या अखेरची मानली जाते. तिच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद आहे. अलिबागजवळच्या अक्षीचा १०१२ चा लेख अधिक जुना, असंही काही जण म्हणतात. पण श्रवणबेळगोळला तीच गोष्ट कन्नड आणि तमिळमध्येही लिहिली आहे, हे महत्त्वाचं. एका देवाच्या पायाशी तीन भाषा सुखाने नांदत होत्या.

धर्मातल्या बदलांनी समाज खरोखर बदलतो का?

बदलतो, पण अर्धाच बदलून थांबतो, असं माझं मत आहे.

इसवी सनापूर्वी पाचव्या-सहाव्या शतकाच्या आसपास बुद्ध, महावीर, चीनमध्ये कन्फ्यूशियस असे विचारवंत थोड्याफार फरकाने एकाच काळात झाले. शहरं वाढत होती, नाणी खुळखुळत होती, जुने कुळाचार अपुरे पडत होते. त्यांचं सांगणं कुळापुरतं नव्हतं, माणसाला उद्देशून होतं.

आपल्या शेजारी हाच उठाव बाराव्या शतकात झाला. बसवेश्वरांच्या कल्याणमध्ये, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला, कारागीर, बाया, चांभार, धोबी वचनं सांगू लागले. त्यातून आंतरजातीय लग्न झालं आणि शरणांवर, म्हणजे बसवेश्वरांच्या अनुयायांवर, हिंसा कोसळली. पुढच्या शतकात ज्ञानदेवांनी १२९० मध्ये गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. ज्यांनी विठ्ठलाला कानडा म्हटलं ते ज्ञानदेव मराठीत गायले, आणि त्याच विठ्ठलाला पुरंदरदासांनी कन्नडमध्ये आळवलं. युरोपात १५१७ नंतर मार्टिन ल्यूथरने बायबल जर्मनमध्ये आणलं, तेव्हा तिथेही देवाची भाषा पंडितांच्या हातून सुटली.

मात्र चोखोबांना पंढरीच्या देवळात पाऊल टाकता आलं नाही. त्यांची समाधी बाहेर, महाद्वारासमोर आहे. ते मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी उघडलं १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. गाणं सहाशे वर्षं आधी आत गेलं, माणसं मागून गेली.

छापखान्याने युरोप बदलला म्हणतात. मग भारत का नाही बदलला?

हा प्रश्न आपल्या भागातल्या प्रत्येकाने विचारावा असाच आहे, कारण भारतातला पहिला छापखाना आपल्यापासून एक घाट उतरल्यावर होता. १५५६ मध्ये तो गोव्यात आला. जर्मनीत गुटेनबर्गने बायबल छापलं त्याला तेव्हा जेमतेम शंभर वर्षं झाली होती. १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण छापून निघालं. ते मराठीत, ओवीत आहे, फक्त अक्षरं रोमन. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधी मराठी छापली गेली होती.

तरी चोर्ल्याच्या वरच्या अंगाला काही हललं नाही. युरोपात १५०० सालापर्यंत दोनशेहून अधिक गावांत छापखाने होते. ते चालवणारे व्यापारी होते, आणि जे खपेल ते छापत होते. गोव्यातलं यंत्र चर्चच्या ताब्यात होतं, धर्मप्रसारापुरतं होतं. १५६० पासून तिथे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं, १६८४ मध्ये तर कोंकणी बोलण्यावरच बंदी घालणारा हुकूम निघाला. देवनागरी खिळे पाडायचे कष्ट कोणी घेतले नाहीत. यंत्र आलं, पण ते मोकळं नव्हतं.

मराठी छपाईला बळ आलं ते १८०५ च्या सुमाराला बंगालमधल्या श्रीरामपूरहून. मग १८३२ मध्ये दर्पण निघालं, आणि १८४८ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंची मुलींची शाळा उभी राहिली. खऱ्या स्थित्यंतराची सुरुवात मी त्या शाळेपासून धरतो. वाचणारे वाढले तर छापलेल्याला अर्थ.

बेळगावच्या किल्ल्यात जागतिक इतिहासाचं काय बघायचं?

तोफेच्या दारूने जग कसं पालटलं, ते. १४५३ मध्ये तुर्कांनी तोफांनी कॉन्स्टँटिनोपलचे तट फोडले. त्यानंतर वीस वर्षांच्या आत, १४७२-७३ मध्ये, बहमनी वजीर महमूद गवान बेळगावावर चालून आला आणि त्याने तटाखाली दारूचे सुरुंग उडवले. दख्खनमधला सुरुंगाचा हा सुरुवातीचा ठळक वापर मानला जातो. गवान मूळचा इराणमधल्या गिलानचा. बिदरमधला भव्य मदरसा त्यानेच बांधला. युद्धतंत्र, विद्या आणि माणसं तेव्हा केवढा प्रवास करत होती, ते यातून कळतं. तोफा-दारूचा खर्च छोट्या नायकांना पेलवेना, म्हणून जगभर लहान सत्ता गिळल्या गेल्या आणि मोठी राज्यं आणखी मोठी झाली.

किल्ल्यात गेलात तर कमल बसदीत छताखाली उभं राहा. १२०४ मध्ये रट्टांचा मंत्री बिचिराज याने बांधलेलं हे जैन मंदिर. मधोमध दगडी कमळ खाली झुकलेलं आहे, पाकळ्यापाकळ्यांवर तीर्थंकर कोरलेले. थोड्या अंतरावर आदिलशाही काळातली साफा मशीद आहे. मुलांना इथे आणावं आणि वरच्या तटाचे दगडही नीट पाहायला सांगावं. जुन्या देवळांचे नक्षीदार तुकडे त्यात ओळखू येतात.

मिरची, बटाटा खरंच आपले नाहीत?

नाहीत. १४९२ च्या आधी भारतात कोणी मिरची चाखली नव्हती. तिखटपणा यायचा तो मिरी, पिंपळी आणि आल्यातून. अमेरिका खंडातून मिरची, बटाटा, रताळं, मका, भुईमूग, टोमॅटो, तंबाखू, काजू, पेरू हे सगळं पोर्तुगीज आणि इतर जहाजांतून आलं, आणि गोवा जवळ म्हणून आपल्याकडे त्यातलं बरंच लवकर आलं.

एकादशीचं ताट वाढा. साबुदाणा, शेंगदाणे, बटाट्याची भाजी, उकडलेलं रताळं, वर हिरवी मिरची. सगळं अमेरिकेतलं! जुनी आहे ती वरी. ज्ञानदेवांनी या ताटातला एकही पदार्थ उपवासाला खाल्लेला नाही. आणि आज बेळगावची रताळी ट्रकने उत्तर भारतात जातात, संकेश्वरच्या लांब, बारीक मिरचीशिवाय कोल्हापुरी मसाल्याला रंग-ठसका येत नाही, निपाणीची अख्खी बाजारपेठ तंबाखूवर उभी राहिली, चंदगड-खानापूरच्या उतारांवर काजू आहे. या भागाचं पोट त्या जहाजांनी भरलं म्हटलं तरी चालेल.

किंमत मात्र तिकडे मोजली गेली. देवी, गोवर असे आजार युरोपीय लोकांबरोबर अमेरिकेत गेले, आणि शंभर-दीडशे वर्षांत तिथल्या मूळ लोकसंख्येचा फार मोठा भाग नाहीसा झाला. उसाच्या, तंबाखूच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून सुमारे सव्वा कोटी माणसं गुलाम म्हणून जहाजांत कोंबली गेली. तंबाखूने इथेही माणसं राबवली. निपाणीच्या वखारींत धुळीत खोकत काम करणाऱ्या बाया आणि घरी सुपात पानं घेऊन विड्या वळणाऱ्या बाया, यांच्या मजुरीचा इतिहास त्या गुलामांच्या इतिहासाशेजारी ठेवून वाचावा. तंबाखूच्या भावासाठी १९८१ मध्ये निपाणीच्या शेतकऱ्यांनी महामार्गावर ठाण मांडलं आणि पोलिसांच्या गोळ्या झेलल्या.

औद्योगिक क्रांती इंग्लंडमध्ये झाली. आपला तिच्याशी काय संबंध?

कापूस. मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेच्या दक्षिणेतला, गुलामांनी वेचलेला कापूस लागत होता. १८६१ ते १८६५ या काळात तिथे यादवी युद्ध पेटलं, कापूस थांबला आणि गिरण्यांची नजर भारतावर पडली. धारवाड भागात अमेरिकन जातीचा कापूस आधीच लावला जात होता. तो जवळच्या बंदरातून थेट जहाजावर चढावा, म्हणून कारवार बंदराची मागणी सुरू झाली, आणि १८६२ मध्ये उत्तर कन्नड जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला. कारवार मुंबईकडे का होतं, या प्रश्नाच्या उत्तरात मँचेस्टर येतं ते असं.

युद्ध संपलं, भाव कोसळले, सावकाराचं कर्ज मात्र राहिलं. दहा-बारा वर्षांनी १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला. बेळगाव, धारवाड, आणि तेव्हा कलादगी म्हणत तो विजापूरचा मुलूख होरपळला. त्यानंतर दुष्काळात धान्य हलवता यावं म्हणून सदर्न मराठा रेल्वेला गती मिळाली, आणि १८८० च्या दशकात गाडी बेळगावात आली. शहापूर, वडगाव, खासबागच्या हातमागांसमोर तोवर गिरणीचं कापड येऊन बसलं होतं. तिथले विणकर पूर्ण मोडले नाहीत. लुगडी, साड्या विणत टिकले, पुढे यंत्रमागावर आले. त्या गल्ल्यांतून आजही खटखट ऐकू येते.

साथीच्या रोगांनी इतिहास बदलतो का?

१३४७ नंतरच्या चार-पाच वर्षांत प्लेगने युरोपातली तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं नेली. मजूर उरले नाहीत, तेव्हा पश्चिम युरोपात मजुरी वाढली आणि वेठबिगार सैलावली. पूर्व युरोपात जमीनदारांनी पुढे ती आणखी आवळली. रोग एकच, परिणाम उलटे, कारण सत्ता कोणाच्या हाती हे वेगळं होतं.

आपल्याकडे १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि रेल्वेनेच तो बेळगाव-धारवाडपर्यंत आणला. माणसं घरं सोडून शेतात खोपटी घालून राहिली. जुन्या माणसांच्या बोलण्यात प्लेगाचं साल येतं ते हे. हाफकिन यांनी १८९७ मध्ये मुंबईत तयार केलेली लसही याच काळातली. मग १९१८ चा इन्फ्लुएंझा. त्यात भारतात एक कोटीहून अधिक माणसं गेली. जनगणना सुरू झाल्यापासून देशाची लोकसंख्या घटल्याचं एकच दशक नोंदलं आहे: १९११ ते १९२१.

महायुद्धांत आपली माणसं होती का?

होती, आणि शाळेत हे फार कमी शिकवलं जातं. १९१५-१६ मध्ये आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात मराठ्यांच्या तीन पलटणी अडकल्या होत्या, १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या. एप्रिल १९१६ मध्ये शरणागती झाली, आणि कैदेत, वाळवंटातल्या पायपिटीत असंख्य जवान गेले. बेळगावात १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. काही गावांत पहिल्या महायुद्धाला गेलेल्यांची पाटी भिंतीत बसवलेली दिसते. ती चुन्याखाली झाकली असेल तर साफ करून वाचा.

नकाशावर रेघ ओढली की समाज बदलतो का? सीमाप्रश्न हा जगात आपलाच आहे का?

नाही. १८८४-८५ मध्ये बर्लिनमध्ये बसून युरोपीय देशांनी आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरवले. तिथे एकही आफ्रिकी प्रतिनिधी नव्हता. १९४७ मध्ये रॅडक्लिफ यांना पंजाब-बंगालची रेघ ओढायला पाच आठवडे मिळाले, आणि लाखो माणसांचे जीव गेले. आपली रेघ तशी रक्ताळलेली नाही, तरी ती ओढताना इथल्या माणसाला विचारलं का, हा प्रश्न तोच.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका वगळून. चंदगड पुढे कोल्हापूरचा झाला. सोयरिकी, बाजार, देवदेवस्की दोन्हीकडे तशीच राहिली, कचेरीची भाषा बदलली. महाजन आयोगाने १९६७ मध्ये निपाणी, खानापूरसह २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ गावं कर्नाटकाला द्यावीत, बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवावं असं सुचवलं. महाराष्ट्राने ते नाकारलं, आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्याआधीही इथे रेघा होत्याच. बेळगाव इंग्रजांचं आणि त्याला लागून असलेलं शहापूर सांगली संस्थानचं, हे अनेकांना आज ठाऊक नसतं.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. सातबारा असो की कर्नाटकातला पहाणी उतारा, आपल्या भाषेतला कागद मागणं हा माणसाचा साधा हक्क आहे. आणि तो मागताना शेजारच्या कन्नड घराशी असलेलं नातं तोडायची गरज नाही. वारीला दोन्ही घरची माणसं जातात.

मुलांना प्रकल्प द्यायचा आहे. सुरुवात कुठून करावी?

घरापासून. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा: लहानपणी घरात रोज ज्वारी होती की नाचणी, गहू कधी आला, पहिला पंप कोणी बसवला, बाईच्या हातात पहिल्यांदा पगार कधी पडला. उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, सुधारू नका. १८८४ मध्ये छापलेलं बेळगाव जिल्ह्याचं गॅझेटियर इंटरनेटवर वाचायला मिळतं. त्यात आपल्या गावाचा बाजार, पिकं, वाटा सापडतात का ते बघा, पण ते राज्यकर्त्यांनी लिहिलंय आणि जातींबद्दलची त्यांची मतं त्यात शिरली आहेत, हे मुलांना आधी सांगा. माळ्यावरच्या पेटीत मोडी कागद निघाले तर आधी त्यांचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, घड्या जबरदस्तीने उलगडू नका, चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. मोडी वाचणारी जुनी माणसं अजून आहेत. त्यांच्याकडे कागद घेऊन जायचं ते याच वर्षी, पुढच्या नव्हे.